पाचवी ओळ

१

लायल प्रेंटिसला संगीतातलं नेमकं काय येत होतं असं मला कुणी विचारलं, तर मी सांगेन: बो-टाय बांधायला येत होता. स्वतःच्या हाताने, आरशात न बघता. बाकी सगळा आनंदीआनंद. रेकॉर्डच्या वेष्टनावर मात्र ठसठशीत छापलेलं असायचं, 'संगीत-संयोजन आणि संचालन: लायल प्रेंटिस'. खाली त्याचा फोटो, हनुवटीला हात, नजर लांब कुठंतरी. जसं काही तिकडून सूर चालत येतायत आणि हा बापडा त्यांना नुसता रस्ता दाखवतोय.

मी त्याचा नकलनवीस. अकरा वर्षं. संयोजक एका भल्यामोठ्या कागदावर सगळ्या वादकांच्या ओळी एकाखाली एक पेन्सिलीने लिहितो. त्यातली एकेकाची ओळ वेगळी काढायची, स्वच्छ शाईने दुसऱ्या कागदावर उतरवायची, वर उजव्या कोपऱ्यात नाव घालायचं आणि स्टुडिओत ज्याच्या त्याच्या स्टँडवर नेऊन ठेवायची. हे माझं काम. नाव विसरायचं नाही. बिननावी कागदाला स्टुडिओत कुत्रंसुद्धा हुंगत नाही. इतर संयोजक समासात वाद्याचं नाव लिहितात. प्रेंटिस वादकाचं लिहायचा. कुणीतरी मोठा माणूस तसं करतो असं कानावर आलं होतं, झालं.

आणखी एक काम मी करायचो, ते कुठंच छापलेलं नसायचं. त्याच्या चुका. बासरीच्या आवाक्यात नसलेले सूर, एकमेकांच्या उरावर बसलेले ट्रॉम्बोन. मी ब्लेडने खरवडून निमूट दुरुस्त करायचो आणि संध्याकाळी मोठा कागद त्याच्याकडे परत पाठवायचो. त्याने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. स्टुडिओत तो बेशरमपणे टाळ्या घ्यायचा आणि मी मागच्या बाकावर बसून सँडविच खायचो. मला त्याची किळस यायची आणि त्याच्यावाचून माझं अडायचंही नाही, पण आमचं जमलेलं होतं.

सत्तावन्न सालच्या शरदात त्याच्या डोक्यातून एक आख्खी रेकॉर्ड निघाली. 'बारा शहरं'. लिस्बन, ट्रिएस्ट, ओडेसा, अलेक्झांड्रिया, अशी बारा. तीन डझन वादक, व्हायोलिनं, दोन फ्रेंच हॉर्न, एक हार्पसुद्धा. हा गृहस्थ जन्मात अटलांटिक सिटीच्या पुढे गेला नव्हता.

त्या रेकॉर्डसाठी मी त्याच्याकडे अकरा वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं. माझ्या धाकट्या भावासाठी.

रेमो ट्रम्पेट वाजवायचा, आणि भाऊ म्हणून सांगत नाही, फार चांगला वाजवायचा. दोन वर्षांपूर्वी दौऱ्यावर असताना बसने कचकन ब्रेक मारला, हातातलं ट्रम्पेट तोंडावर आपटलं आणि वरच्या ओठाचा स्नायू फाटला. ट्रम्पेटवाल्याचा ओठ गेला की सगळं गेलं. ओठ शिवला, भरलाही, पण बातमी फिरायची ती फिरली आणि फोन वाजायचा बंद झाला. काल गळ्यात गळे घालणारे आज रस्त्यात दिसले की बुटाची लेस बांधायला वाकायचे. एकजात भेकड.

"चौथं ट्रम्पेट रेमोला द्या," मी म्हटलं.

प्रेंटिसने टाय चाचपला. "चौथंच ना? देऊ या. पण बेलुच्ची, एकदा फसला की मी परत बोलावणार नाही. आणि मी बोलावलं नाही म्हणजे कुणीच बोलावणार नाही, हे तुला सांगायला नको."

सांगायला नकोच होतं. हे हुकलं असतं तर रेमो सासऱ्याच्या फरश्यांच्या गोदामात जाणार होता, जन्मभरासाठी.

२

सोमवारी सकाळी 'लिस्बन'चा कागद आला. मी कॉफी घेतली, टाक धुतला, समास वाचला. ट्रम्पेट: बर्ट, ह्यूई, क्लेम, रेमो. आणि खाली आणखी एक ओळ. तिच्यापुढे नाव नव्हतं.

ट्रम्पेटवाले चारच होते. त्या ओळीत सबंध गाण्यात एकच लांब सूर होता, कागदावर उभ्या रेघांनी पाडलेल्या चार खणांचा. म्हटलं, महाशयांचं लक्ष आरशात असेल. मी ती ओळ सोडून दिली.

मंगळवारी 'ट्रिएस्ट'. पाचव्या ओळीत आठ खण भरलेले, आणि नेमक्या त्याच आठ खणांत रेमोच्या ओळीला विश्रांती. बुधवारी 'ओडेसा'. आता पाचवी ओळ अर्धं गाणं व्यापून बसली होती आणि रेमोच्या वाट्याला सुरुवातीला दोन फुंकरा, शेवटी एक.

मग मी भिंग काढलं. प्रेंटिसच्या अक्षराची मला अकरा वर्षांची ओळख. त्याचे सूर तिरके पडतात, दारू प्यायलेल्या माणसासारखे. ही ओळ ताठ होती. प्रत्येक सूर सारखा, गोल, खोडरबरचा डाग कुठंही नाही. हा हात त्याचा नव्हता. मला लगेच उलगडा झाला: साहेब दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतायत. आमच्या धंद्यात सर्रास चालतं. आणि त्या दुसऱ्याला चौथ्या खुर्चीवर आपला माणूस हवाय, म्हणून रेमोला तोंडावर नाही म्हणायची हिंमत नसल्यामुळे एकेक खण करून उपटून काढतायत. माझं डोकं तडकलं.

दुपारी तो हॉटेलात उकडलेलं अंडं खात होता. कागद त्याच्या बशीशेजारीच टाकला.

"मिस्टर प्रेंटिस, ट्रम्पेटची पाचवी ओळ कुणाची?"

त्याने चमचा ठेवला आणि हसला. आम्हा दोघांतच काही गुपित असावं तसा. "बेलुच्ची, तू पण ना! मी कधी विचारलंय तुला?"

"म्हणजे?"

"म्हणजे नेहमीसारखं चालू दे. 'लिस्बन'मध्ये बघितली, 'ट्रिएस्ट'मध्ये बघितली. सुंदर आहे. माझ्या नावाला शोभेल अशी आहे."

"पण वाजवायची कुणी? माणसं चार आहेत."

"ते तू बघ रे. कुणाला तरी दे." त्याने नॅपकिनने ओठ टिपले. "चल, मला शिंप्याकडे जायचंय."

बारा शहरं जन्माला यायच्या बेतात, आणि बाप निघाला शिंप्याकडे. मी कागद उचलला. 'कुणाला तरी दे' हे शब्द मात्र नीट लक्षात ठेवले.

३

गुरुवारी 'अलेक्झांड्रिया'चा कागद आला आणि मी ठरवून टाकलं. ज्याने माझ्या भावाचे खण चोरले त्याच्याकडून ते परत घ्यायचे. पाचवी ओळ उचलायची आणि जशीच्या तशी रेमोच्या कागदावर उतरवायची. प्रेंटिसला फरक कळणार नव्हता, त्या चोराला बोलता येणार नव्हतं. मला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की मी चक्क शीळ घालायला लागलो.

नकलेची एक लय असते. मान वर, दोन खण डोळ्यात घ्यायचे, मान खाली, उतरवायचे, पुन्हा वर. पहिले दोन खण असे उतरवले. मग मान वर करून पुन्हा खाली घातली तर माझ्या कागदावर सबंध पान भरलेलं होतं. बावीस खण. शाई ओली. अक्षर माझंच. मूळ कागदाशी ताडून बघितलं, एक टिंब इकडचं तिकडे नव्हतं.

बाहेर टळटळीत दुपार होती. खाली रस्त्यावर कुणीतरी ट्रकवाल्याला आईबहिणीवरून शिव्या देत होतं. मी स्वतःला सांगितलं, तीस वर्षं हेच करतोयस, हात आपोआप चालतो, त्यात नवल कसलं?

तेवढ्यात मागे आवाज आला. छोटासा, तोंडाच्या कोपऱ्यातून झपकन आत ओढलेला श्वास. ट्रम्पेटवाला सूर लावायच्या आधी घेतो तो. मी वळलो. मागे कपाट, कपाटावर कोरे कागद, हीटरचा पाइप. खालच्या मजल्यावर वाद्यं दुरुस्त करायचं दुकान होतं, तिथं दिवसभर कुणी ना कुणी फुंकत असायचं. म्हटलं, तेच असणार. मग आठवलं, त्या आठवड्यात दुकान बंद होतं. म्हटलं, मग पाइप. जुन्या पाइपात हवा अडकते.

कोपऱ्यात नाव तेवढं घालायचं राहिलं होतं. 'रेमो' लिहिलं. त्यानंतर तो आवाज काही आला नाही. बघा, म्हटलं, पाइपच होता.

तासाभराने रेमो आला, मिरच्या-अंड्याची दोन सँडविचं घेऊन. कागद हातात घेतला आणि खायचा थांबला.

"ऑरी, हे माझं नाही."

"नाव वाच. कुणाचं आहे?"

"नाव माझंच, पण चौथं ट्रम्पेट हे कधी वाजवतं का? हे तर बर्टलाही झेपायचं नाही." त्याने बोट खणांवरून नेलं. ओठावरच्या शिवणीची पांढरी रेघ जिभेने चाचपली. "आणि श्वास कुठं घ्यायचा? बावीस खणांत एक फट नाही रे. हे लिहिणाऱ्याला माणूस श्वास घेतो हे माहीत नाही का?"

"प्रेंटिसला काय काय माहीत नाही ते मला विचार. तू मध्ये दोन सूर खा. कोण मोजतंय?"

"आणि फसलो तर?"

"दोन वर्षं कोपऱ्यात बसून रडत होतास. आता ताट वाढून दिलंय तर म्हणतोस तिखट आहे!" मी खेकसलो.

त्याने कागद खिशात घातला. धाकटा होता, माझं ऐकायची सवय होती. घरी चार दिवस त्याने जीव तोडून रियाज केला. नवव्या खणापुढे एकदाही गेला नाही, हे त्याची बायको ल्युसिल नंतर म्हणाली.

४

ध्वनिमुद्रण अकराव्या अव्हेन्यूवरच्या एका जुन्या नाचघरात होतं. सकाळी दहा. उंच छत, लाकडी जमीन, एका टोकाला काचेची खोली. तिच्यात ध्वनिमुद्रक वॉल्डो लुंड, त्याची यंत्रं, आणि मागच्या बाकावर मी.

प्रेंटिसने भाषण केलं. अलेक्झांड्रियाच्या बंदरावरचं धुकं, दूर एक दिवा, वगैरे. वादक घड्याळं बघत होते. मग त्याने संचालनाची पांढरी काडी उचलली आणि तीन डझन माणसं, काडीकडे ढुंकूनही न बघता, एकदम सुरू झाली.

आता खोटं कशाला बोलू, व्हायोलिनं छान लागली. मग ट्रम्पेटची वेळ आली. चौघे ओळीत बसलेले, रेमो डाव्या टोकाला. त्याने ट्रम्पेट उचललं. मी बाकाची कड घट्ट धरली.

सूर आला.

मी आयुष्यात खूप ट्रम्पेट ऐकलीत आणि त्यातल्या बहुतेकांविषयी माझं मत वाईट आहे. ह्याच्याविषयी मला मत बनवता येईना. तो सूर कुणी फुंकून काढलाय असं वाटतच नव्हतं. तो आधीपासून खोलीत होता आणि आता फक्त ऐकू यायला लागला होता. एक खण, दोन, पाच, नऊ. दहा. कुठंही न तुटता. बर्ट कॉनक्लिन, पहिला ट्रम्पेटवाला, स्वतःला मोठा बादशहा समजणारा, मान वळवून रेमोकडे बघायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जमलं रे पोरा, मी म्हटलं, जमलं!

"तुझा भाऊ आहे ना तो?" वॉल्डो यंत्रावरून नजर न काढता म्हणाला. "त्याला सांग जागेवर बस. त्याच्या माइकमध्ये काही येत नाहीये. सगळं डावीकडून येतंय."

रेमोच्या डावीकडे एक घडीची खुर्ची होती. रिकामी. नाचघरात अशा बऱ्याच पडलेल्या असायच्या.

"जागेवरच बसलाय," मी म्हटलं.

मग मी बघितलं. चौदाव्या की पंधराव्या खणाला रेमोने ट्रम्पेट तोंडापासून काढलं. हळूच मांडीवर ठेवलं. तो समोर बघत होता, चेहरा कागदासारखा पांढरा. आणि सूर चालूच होता. बावीस खण होईपर्यंत चालू होता.

मोठ्या जागेत आवाज घुमतो. वॉल्डोही तेच म्हणाला. जरा वेळाने.

५

जेवणाच्या सुट्टीत रेमो मला जिन्याखाली घेऊन गेला.

"मी नाही वाजवलं, ऑरी."

"मूर्खासारखं बोलू नकोस. सगळ्यांनी ऐकलंय."

"माझा ओठ बघ."

मी बघितला. तीन तास ट्रम्पेट वाजवलं की ओठांवर माउथपीसचं लालभडक वर्तुळ उमटतं, संध्याकाळपर्यंत जात नाही. रेमोचे ओठ कोरडे होते. शिवणीची रेघ सोडली तर त्यांवर काही नव्हतं.

"पहिल्या सुराला हवा सोडली, काहीच निघालं नाही. आणि बाजूने ते सुरू झालं. ऑरी, त्या खुर्चीवरून गरम हवा येत होती. मी घरी जातो."

इथं मी जे केलं ते नीट ऐका, कारण मी दुसऱ्यांना भेकड म्हणत आलोय. मला त्याचं खरं वाटलं होतं. ओठ बघितल्या क्षणी वाटलं होतं. तरी मी त्याची कॉलर पकडली आणि म्हटलं, "जायचं नाही. परत जाऊन बसायचं आणि वाजवल्यासारखं करायचं. ह्या गाढवांना कळतंय काय? फोन कुणाच्या नावाने येणार आहेत? तुझ्या. मग कोण फुंकतंय ह्याच्याशी तुला काय करायचंय?"

त्याने माझा हात कॉलरवरून काढला. मग गेला आणि बसला.

वर येताना प्रेंटिस भेटला. त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. हे ह्याआधी कधी झालं नव्हतं.

"बेलुच्ची, मी उघड कबूल करणार नाही, पण ती ओळ... ती ह्या रेकॉर्डचं सोनं आहे. आणि तुझा मोठेपणा बघ, माझा मान राखायला अक्षरसुद्धा बदलून लिहिलीस."

"मी?"

"मी चारच ओळी लिहून पाठवायचो. संध्याकाळी कागद तुझ्याकडून परत आले की पाच असायच्या. अकरा वर्षं तू माझं सांभाळून घेतलंस, मला काय कळत नाही होय?" तो डोळे मिचकावून निघून गेला.

माझ्याकडे कागद सकाळी यायचे तेव्हाच पाच असायच्या. मला वाटायचं त्याने लिहिली, त्याला वाटायचं मी. दोघंही लबाड, म्हणून कुणी विचारलं नाही. मी तिथंच पायरीवर बसलो. वर नाचघरात कुणीतरी ट्रम्पेटमधली थुंकी झटकली. सगळे तर खाली जेवत होते.

६

वसंतात रेकॉर्ड आली. वर्तमानपत्रातल्या शहाण्यांनी लिहायचं ते लिहिलं. एकाला लिस्बनच्या बंदराचा वास आला म्हणे. प्रेंटिसचा हनुवटीला हात लावलेला फोटो दुकानादुकानांत लागला. आणि सगळ्यांनी एक गोष्ट मात्र बरोबर लिहिली: चौथं ट्रम्पेट, रेमो बेलुच्ची.

फोन वाजायला लागले. रोज दोन-दोन ठिकाणी बोलावणं. दुसरे संयोजक, दुसरे नकलनवीस, पण कोपऱ्यात नाव तेच. रेमो जायचा, ट्रम्पेट तोंडाला लावून बसायचा आणि ते व्हायचं. ल्युसिलने नवे पडदे घेतले. फरश्यांचं गोदाम सगळे विसरले. मला हेच हवं होतं ना?

मे महिन्यात त्याच्या टेसाचा सहावा वाढदिवस होता. केक आला, पोरगी हट्टाला पेटली, "पप्पा, तुम्ही फुंका! तुम्ही जोरात फुंकता!" रेमो वाकला. गाल फुगले. मेणबत्त्यांच्या ज्योती जराही हलल्या नाहीत. त्याने पुन्हा केलं. सगळे हसले, त्यांना वाटलं पोरीची गंमत करतोय. मी हसलो नाही.

पुढच्या आठवड्यात भरदुपारी तो माझ्या खोलीवर आला. बारीक झाला होता. टोपी हातातच धरून बसला.

"हल्ली तो माझ्या आधी येऊन बसलेला असतो. खुर्ची गरम असते, ऑरी. मला तिच्यावरच बसावं लागतं."

"मग सोडून दे. जाऊ नकोस."

"परवा गेलोच नाही. घरात झोपून राहिलो. संध्याकाळी बर्टचा फोन. काय वाजवलंस म्हणाला, आज तर कमालच केलीस."

हीटर बंद होता. पाइप थंड होता. मी मुद्दाम हात लावून बघितला.

"माझं एक काम कर," रेमो म्हणाला. "ते कागदावर आलं ना? तुझ्या हाताने आलं. तुझ्याच हाताने गप्प कर. प्रेंटिसची दुसरी रेकॉर्ड येतेय. तिच्यात माझ्या कागदावर टासेट लिही."

एखाद्या वादकाला सबंध गाण्यात काहीच काम नसलं की त्याच्या कागदावर आम्ही हा एक शब्द लिहितो. जुना लॅटिन शब्द आहे. 'गप्प राहतो', एवढाच अर्थ. तो वाचला की वादकाने वाद्य खाली ठेवायचं.

"आणि तुझे फोन बंद झाले तर?"

"होऊ देत रे! फरश्या मोजेन. पण रात्री पोरीला फुंकर मारून चटका बरा करता आला पाहिजे मला."

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मला त्या प्रेंटिसचा, त्या टीकाकारांचा, त्या बर्टचा इतका तिटकारा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा.

७

नव्या रेकॉर्डच्या पहिल्या गाण्याला मी कोरा कागद घेतला. कोपऱ्यात लिहिलं 'रेमो'. मधोमध मोठ्या अक्षरांत 'टासेट'. खाली दुहेरी रेघ. शाई वाळली. काही झालं नाही. मूळ कागदावर पाचवी ओळ त्या दिवशी नव्हतीच. मला वाटलं, सुटलो.

दुपारी दोनला तेच नाचघर. मी स्वतः तो कागद त्याच्या स्टँडवर ठेवला. रेमोने वाचला आणि कितीतरी महिन्यांनी हसला. ट्रम्पेट पेटीतून काढलंच नाही. हात गुडघ्यांवर ठेवून बसला.

मी काचेच्या खोलीत आलो. प्रेंटिसने काडी उचलली.

सोळाव्या खणाला ट्रम्पेट आलं. तेच. पूर्वीपेक्षा जवळून. वॉल्डोने काटा बघितला आणि मान डोलावली. "आज बरोबर माइकसमोर बसलाय तुझा भाऊ."

मी काचेतून बघितलं. रेमो उठून उभा राहिला होता. माइक त्याच्या तोंडापासून हातभर लांब. तो ओरडत होता. गळ्याच्या शिरा ताठ झालेल्या मला इथून दिसत होत्या. ओठांवरून कळत होतं, 'ऑरी, ऑरी.' मी धावलो, माइकचा आवाज येणाऱ्या भोंग्याला कान लावला. व्हायोलिनवाल्याच्या खुर्चीची करकर ऐकू येत होती. हार्पवालीचा खोकला ऐकू आला. ट्रम्पेट ऐकू येत होतं. माझा भाऊ ऐकू येत नव्हता.

"बसायला सांगा त्याला," मी वॉल्डोचा खांदा धरला. "तो उभा राहिलाय."

"कोण?" वॉल्डोने काचेतून नीट निरखून बघितलं. "बसलाय की."

मी खोलीतून बाहेर पडलो, गाणं चालू असताना आत घुसलो. असं कुणी करत नाही, प्रेंटिसने काडी खाली टाकली आणि किंचाळला. सगळं थांबलं. ट्रम्पेट थांबायला मात्र जरा वेळ लागला. मी रेमोच्या दंडाला धरून त्याला बाहेर ओढलं, त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. माझ्याकडे मात्र सगळे बघत होते. बर्ट मान वळवून त्या खुर्चीला म्हणाला, "रेमो, तुझ्या भावाला वेड लागलंय काय?"

आणि खुर्चीवरून कुणीतरी हसलं. मी मागे बघितलं नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून एक गुडघा दिसला, त्यावर रुमाल पसरलेला. बस, तेवढंच.

८

रेमोला माझ्या खोलीवर आणलं. साडेपाच वाजले होते, खिडकीतून ऊन येत होतं. त्याला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. तो बोलत होता, सतत बोलत होता, आणि खोलीत माझ्या श्वासाशिवाय आवाज नव्हता. मी तो कागद घडी घालून आणला होता. ब्लेड घेतलं आणि ते अक्षर खरवडायला बसलो. 'टासेट' खरवडलं, शाई निघाली, त्याखालचा कागद निघाला, टेबल दिसायला लागलं.

"बोल," मी म्हटलं. "आता बोल रे."

त्याने तोंड उघडलं आणि नुसती मान हलवली. मी पुन्हा लिहिलं, दुसऱ्या कागदावर, जे सुचेल ते, चार सूर, आठ सूर, वर नाव. रेमो, रेमो, रेमो. काही नाही. तीस वर्षं मी दुसऱ्याचं उतरवत आलो होतो. स्वतःचं एक अक्षर मला लिहिता येत नव्हतं, हे त्या दिवशी कळलं.

फोन वाजला. ल्युसिल होती.

"ऑरी, स्टुडिओत काय तमाशा केलास म्हणे तू? रेमो सांगत होता."

"कोण सांगत होतं?"

"रेमो! आत्ता आलाय घरी. अगं बाई, किती दिवसांनी बोलतोय म्हणून सांगू! आल्या आल्या टेसाला उचललं, मला हसवून हसवून दमवलं. तुझ्यावर जराही रागावलेला नाहीये हं. तब्येतीला जप म्हणतोय. तू पण ये ना जेवायला."

मागून पोरीचं खिदळणं ऐकू येत होतं. आणि कुणीतरी शीळ घालत होतं. लांब, न तुटणारी.

समोर रेमो उठून उभा राहिला होता. त्याने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. दोन्ही हातांनी तो तोंडाशी धरला आणि त्याचे ओठ भराभर हलायला लागले. त्याच्या बायकोचं नाव, पोरीचं नाव, पुन्हा बायकोचं. कपाळावरून घाम निथळत होता.

फोनमधून तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

"हॅलो? ऑरी? हॅलो?" मग तोंड बाजूला करून, आतल्या कुणाला तरी, "काय माहीत. फोन चालू आहे, पण पलीकडे कुणीच नाही."

तिने फोन ठेवला. रेमो तो तोंडाशी धरून बराच वेळ बोलत राहिला.